काच फुटली पाहिजे

ऑफिसात मला देवभोळी म्हणतात आणि प्रार्थनाघरात शंकेखोर. सोळा वर्षं दोन्हीकडचे टोमणे खाऊन माझी कातडी जाड झाली आहे, पण जिभेची धार काही गेलेली नाही. ज्याला ऐकून घ्यायचं नसेल त्यानं माझ्या वाटेला जाऊ नये.

माझं काम जुन्या इमारतींच्या भिंती तपासायचं. भिंतीला तडा गेला की पहिला प्रश्न एकच, तडा झोपलेला आहे की जागा आहे? त्यासाठी आमच्या खात्यात एक साधी पद्धत आहे. तड्यावर बोटभर रुंद, पातळ काचेची पट्टी आडवी धरायची, दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यांनी भिंतीला घट्ट बसवायची आणि काचेवर तारीख कोरायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. काचेला कुणाची भीड नसते, म्हणून मला ती पद्धत आवडते.

आमच्या प्रार्थनाघराच्या मागच्या कोपऱ्यात असाच एक तडा होता. खिडकीच्या वरच्या टोकापासून तिरका निघालेला, थेट छतापर्यंत. त्याच्याखालच्या बाकावर माझी आई चाळीस वर्षं बसत आली आहे. जागा बदल म्हटलं तर म्हणायची, "मला इथनं उजेड चांगला मिळतो." मी सात महिने दर गुरुवारी जाऊन पट्टी बघत होते आणि अहवालात लिहीत होते, 'पट्टी अखंड, हालचाल नाही.' खाली माझी सही.

त्या गुरुवारी मी काचेवरची धूळ पुसायला हात वर केला आणि बोट प्लास्टरला लागलं. प्लास्टर गार होतं. नखानं दाबलं तर नख आत रुतलं. सात महिन्यांचं प्लास्टर कसं खडखडीत पाहिजे! काचेवर मात्र माझीच तारीख होती, छान कोरलेली.

मी चावीकाकांना हाक मारली. ते प्रार्थनाघराचे रखवालदार. कमरेला चाव्यांचा जुडगा असतो म्हणून चावीकाका. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून मला ओळखतात. आधी त्यांनी कानांवर हात ठेवले. मग माझ्या नखातलं पांढरं प्लास्टर बघितलं आणि आईच्या बाकावर मटकन बसले.

"फुटली होती," ते म्हणाले.

"कितव्यांदा?"

"अकराव्यांदा."

काका सांगत होते आणि मी भिंतीला टेकून ऐकत होते. देवाच्या घरात फुटकी काच कशी ठेवायची, असं त्यांना वाटलं. ती बघून माणसांचा विश्वास डळमळेल. शिवाय माझ्यावर ठपका येईल, ही काळजी वेगळीच. म्हणून ते काचवाल्याकडून मापाची पट्टी कापून आणायचे, खिळ्यानं माझी तारीख कोरायचे आणि नवीन प्लास्टर लावायचे. इतक्या निगुतीनं केलेली लबाडी मी आजवर बघितली नव्हती.

"आणि दर वेळी प्रायश्चित्त म्हणून जादा प्रार्थना केली," काका म्हणाले. "चुकायला नको म्हणून वहीत तारीख लिहून ठेवली. देवाचं देवाला."

त्यांच्यावर रागावणं मला जमेना. राग आला तो माझा मला. सात महिने मी काच बघत होते आणि प्लास्टरला एकदाही हात लावला नव्हता. का नव्हता लावला? काच अखंड असावी अशी माझीही इच्छा होती म्हणून.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "नाही सांगितलं साहेबांना तर?"

"तर रविवारी तू तिथे बसशील आणि गुरुवारी मी अखंड म्हणून लिहीन."

"मग सांग बाई," आई म्हणाली.

आमचे साहेब हुशार माणूस, प्रामाणिकही. फक्त देव हा शब्द ऐकला की त्यांच्या कपाळाची शीर उडते. माझं सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्हा मधल्या लोकांचं हे असंच असतं," ते म्हणाले. "कट्टर माणूस परवडला. तो सरळ सांगतो की पोथीपुढे मी काही मानत नाही. तुमचा निम्मा देव आणि निम्मी फुटपट्टी. जिथे देवाची अडचण होते तिथे फुटपट्टी खिशात जाते. बाई, ज्यानं मोजायचं त्यानं देव मानू नये आणि ज्याला देव मानायचा आहे त्यानं मोजू नये."

त्याच दुपारी त्यांनी प्रार्थनाघर रिकामं करायचा आणि महिनाअखेर पाडायचा हुकूम काढला. माझ्याकडची फाइल काढून घेतली. आजपासून तुमची सही चालणार नाही, असं चार माणसांसमोर सांगितलं. मी मूग गिळून बसले, कारण चूक माझी होती. पण एक गोष्ट मला खुपत होती. त्याच फाइलच्या पहिल्या पानावर साहेबांच्या हातचा शेरा होता, 'पाडावे.' त्याची तारीख मी पहिली पट्टी लावण्याच्या आधीची होती.

संध्याकाळी थोरल्यांनी बोलावलं. थोरले म्हणजे आमच्या प्रार्थनाघराचे प्रमुख. वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून खणखणीत. तो तडा त्यांच्या आजोबांच्या वेळचा आहे आणि भिंत भक्तीनं उभी आहे, हे ते दर आठवड्याला सांगायचे.

"तू मोजायला लागलीस तिथेच चुकलं," ते म्हणाले. "माप घेणं म्हणजे अविश्वास. विश्वास ठेवायचा तर पूर्ण ठेव, पोरी. नाहीतर ठेवूच नकोस."

हे दोघे एकमेकांना कधी भेटलेले नव्हते, पण माझ्या बाबतीत त्यांचं अगदी एकमत होतं. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "थोरले, तुम्ही भिंत ठीक आहे असं आधीच ठरवलंत, म्हणून काकांना लबाडी करावी लागली. बोटभर काचेला घाबरणारा देव तुम्ही मला लहानपणी शिकवला नव्हता." आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडले. उद्धटपणा झाला खरा, पण मला त्याचा अजूनही पस्तावा नाही.

दारातच चावीकाका उभे होते. त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. "माझ्या पापांची यादी आहे," म्हणाले. "साहेबांना दाखव. शिक्षा मला होऊ दे, तुला नको."

मी ती वही घरी स्वयंपाकघरात बसून वाचली. अकरा तारखा. शेजारी भिंतीवरचं कॅलेंडर होतं, म्हणून सहज वार बघत गेले. रविवार. सोमवार. रविवार. रविवार. सोमवार. अकराच्या अकरा काचा रविवारी नाहीतर सोमवारी फुटल्या होत्या. एकही मंगळवारी नाही, एकही शुक्रवारी नाही. आणि मध्ये एकदा ओळीनं सहा आठवडे काहीच नाही.

"आई, शनिवारी आपल्या गल्लीत काय असतं?"

"काय असणार? लाँड्रीवाली टाक्या रिकाम्या करते. सगळ्या गल्लीत साबणाचा वास."

"आणि मध्ये सहा आठवडे बंद होती का गं ती?"

"बंद होती की. बॉयलर बिघडला होता. चादरी मी हातानं धुतल्या, तू कुठे होतीस?"

मी उठून आईचा मुका घेतला. तिला काही कळलं नाही, पण ती खूश झाली.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीवालीकडून बादलीभर नीळ मागून घेतली. लाँड्रीच्या दारातलं गटाराचं झाकण उघडून ती ओतली आणि वर पाण्याचा पाइप सोडला. गटार प्रार्थनाघराच्या कोपऱ्याखालून जातं आणि पुढचं झाकण पलीकडच्या वळणावर आहे. तिथे चावीकाका वाकून बसले होते. बराच वेळ गेला. शेवटी निळं पाणी आलं, पण जेवढं सोडलं त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचं कुठे गेलं ते सांगायला ज्योतिषी नको होता. कोपऱ्याखालची माती ते पाणी दर शनिवारी थोडी थोडी धुऊन नेत होतं.

म्हणजे भिंत म्हातारी झाली नव्हती. तिचा पाय ओला होत होता, एवढंच. पण हे मला वाटत होतं. मला वाटतं म्हणून ते खरं ठरत नाही. हे मी ऑफिसात शिकले की प्रार्थनाघरात ते आता आठवत नाही.

मी थोरल्यांना हाताला धरून साहेबांच्या खोलीत नेलं. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि आधी कोण बसतो याची वाट बघत दोघेही उभेच राहिले. मी टेबलावर वही ठेवली, कॅलेंडर ठेवलं आणि निळीची हकिकत सांगितली.

"ही वही म्हणजे पुरावा?" साहेब म्हणाले. "हा माणूस सात महिने खोटं बोलत होता."

"काच खोटी होती साहेब. वही तो देवासाठी लिहीत होता. तुम्हाला आणि मला तो फसवेल. देवाला फसवायचं त्याच्या स्वप्नातही येणार नाही."

साहेबांनी वही पुन्हा उघडून तारखा बघितल्या. "असा युक्तिवाद मी पहिल्यांदाच ऐकतोय," ते म्हणाले. "पण त्यात खोट सापडत नाही. तरीही गटार गळतं एवढंच सिद्ध झालं. त्यानंच भिंत हलते हे कुठे सिद्ध झालं? गल्ली खणायची तर मला त्याचा पुरावा लागेल."

"तोच द्यायला आले आहे." मी दोन बंद पाकिटं काढली, एक साहेबांना दिलं, एक थोरल्यांना. "आत मी लिहून सही केली आहे. लाँड्रीचं पाणी आठ आठवडे दुसरीकडे वळवायचं. त्या काळात काच फुटणार नाही. मग पाणी पुन्हा सोडायचं. तीन शनिवारांच्या आत, सोमवार संपायच्या आधी, काच फुटेल. यातलं एक जरी चुकलं तरी इमारत पाडायच्या कागदावर मी सही करीन. तोवर कोपऱ्याला लोखंडी टेकू लावू आणि प्रार्थना अंगणात. काच तुम्ही लावा साहेब, प्लास्टरवर तुमचा शिक्का मारा."

"देवाच्या घराची परीक्षा घ्यायची?" थोरले म्हणाले.

"देवाची नाही, माझी. मी चुकले तर चुकले म्हणून कळेल."

साहेब पाकीट हातात उलटसुलट करत होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्यांना सोळा वर्षं विचारायचा होता. "बाई, भिंतीबद्दल एवढ्या काटेकोर आहात. मग देवाबद्दलही असंच एक पाकीट बंद करून द्या ना."

"तिथे लावायला माझ्याकडे काच नाही साहेब. म्हणून तर मी देवाला अहवालात लिहीत नाही. जे मोजता येतं ते मी मोजते. जे येत नाही त्याबद्दल 'मला माहीत आहे' असं म्हणत नाही. प्रार्थना करते, एवढंच."

"माहीत नाही म्हणतेस?" थोरल्यांचा आवाज चढला.

"नाही थोरले. माहीत असतं तर विश्वास कशाला लागला असता?" आणि जिभेला हाड नाहीच, तर पुढेही बोलून टाकलं, "आणि साहेब, 'पाडावे' हा तुमचा शेरा पहिल्या काचेच्या आधीचा आहे. तोही विश्वासच होता. फक्त देवाशिवायचा."

साहेब लालेलाल झाले. मग त्यांनी फाइल उघडली, पहिलं पान बघितलं, तारीख बघितली. "आठ आठवडे," ते म्हणाले.

ते आठ आठवडे गमतीचे गेले. लाँड्रीवालीनं कुरकुर करत पाणी पलीकडच्या गटारात वळवलं. दर रविवारी साहेब कॅलिपर घेऊन यायचे, अंगणातल्या प्रार्थनेतून वाट काढत आत जायचे आणि तड्याच्या दोन्ही बाजूंना ठोकलेल्या पितळी खिळ्यांमधलं अंतर मोजायचे. मध्ये कुणी नसलं तरी अंग चोरून चालायचे. चौथ्या रविवारी आईनं त्यांना चढायला स्टूल नेऊन दिलं. सातव्या रविवारी ते तिला म्हणाले, "आजी, शून्य." आठही वेळा शून्य.

मग कठीण भाग आला. सगळे म्हणायला लागले, झालं की! काच टिकली, भिंत टिकली, आता पाणी पुन्हा कशाला सोडायचं? लाँड्रीवालीलाही त्या वळवलेल्या पाइपची सवय झाली होती.

"आधीही सहा आठवडे टिकली होती," मी म्हटलं. "नुसती टिकली म्हणून काही कळत नाही. पाणी सोडल्यावर फुटली पाहिजे." प्रार्थनाघरातली माणसं माझ्याकडे वेड लागल्यासारखी बघायला लागली. आश्चर्य म्हणजे थोरले माझ्या बाजूनं उभे राहिले. "पोरगी म्हणते तसं करा," म्हणाले. "अर्धवट खरं मला आता पुरे झालं."

पहिला शनिवार. पाणी सुटलं. रविवारी काच अखंड, सोमवारी अखंड. दुसरा शनिवार, तसंच. माझी झोप उडाली. तिसऱ्या शनिवारी टाक्या रिकाम्या झाल्या आणि रविवारी सकाळी साहेब, थोरले, काका आणि मी चौघंही काचेसमोर उभे राहिलो. अखंड. साहेब खिळे मोजून तसेच निघून गेले. टोमणा मारून गेले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आई भाजी निवडताना म्हणाली, "मी आज देवाकडे मागितलं, काच फुटू दे. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी फुटायचं मागणं मागितलं. तू काय मागितलंस?"

"जे असेल ते मला नीट दिसू दे. नाही फुटली तरी."

"तुझी प्रार्थना फार अवघड असते बाई," आई म्हणाली.

सोमवारी सकाळी अंगण भरलं होतं. निम्मे लोक कामाला दांडी मारून आले होते. लाँड्रीवाली हात पुसत दारात उभी. फुटली नाही तर आजच सही करायची आणि आईला घरी न्यायचं, एवढंच डोक्यात होतं. काकांनी चाव्या काढल्या, दार उघडलं आणि आधी तेच आत गेले.

"फुटली!" आतून काका ओरडले. "ताई, फुटली गं, फुटली!"

मी धावले. साहेब माझ्या पुढे धावले. काच मधोमध तडकली होती, शिक्के जसेच्या तसे होते आणि साहेबांच्या कॅलिपरनं पितळी खिळे केसभर लांब गेल्याचं दाखवलं. बाहेर अंगणात आरडाओरडा सुरू झाला. देवाच्या घरात काच फुटली म्हणून माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. काका रडत होते, हसत होते आणि मोठमोठ्यानं सगळ्यांना आत बोलावत होते. मला एवढा आनंद झाला की मी चक्क साहेबांच्या पाठीत थाप मारली. त्यांनी ती मुकाट्यानं सोसली.

थोरल्यांनी पाकीट फोडलं आणि त्या खणखणीत आवाजात माझं लिखाण वाचून दाखवलं. साहेबांनी आपलं पाकीट उघडून शब्द न् शब्द जुळवून बघितला. त्यांची ती सवय मला आवडते. मग ते अंगणात आले आणि घसा खाकरून म्हणाले, "मी मोजायच्या आधी ठरवलं होतं. चूक माझी." आणि खिशातून पाडायचा हुकूम काढून त्याचे चार तुकडे केले.

थोरले काठी टेकत त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. "मीही आधीच ठरवलं होतं," म्हणाले. "मला माहीत नव्हतं, आणि माहीत आहे असं मी तुम्हाला सांगत आलो."

त्या दोघांच्या तोंडून एकाच सकाळी हे ऐकलं आणि मी बांध फुटल्यासारखी रडले. मधली, अर्धवट, ना इकडची ना तिकडची म्हणून सोळा वर्षं मला हिणवलं होतं. त्या अंगणात त्या दिवशी सगळेच माझ्या जागेवर येऊन उभे होते.

गल्ली खणली. कोपऱ्याखाली गटाराचा पाइप हातभर लांब फुटलेला निघाला आणि त्याच्याखाली एक माणूस वाकून बसेल एवढी पोकळी. ती भरली, पाइप बदलला, तडा सळ्या घालून शिवला. तीन महिने नवीन काच टिकली, पितळी खिळे जागचे हलले नाहीत. मग अखेरचा अहवाल माझ्या टेबलावर आला. साहेब स्वतः घेऊन आले होते.

'इमारत वापरास सुरक्षित.' मी पूर्ण नावानं सही केली. दुसऱ्या दिवसापासून त्या भिंतीखाली आई बसणार होती, हे मला सही करताना चांगलं ठाऊक होतं.

साहेब कागद उचलत म्हणाले, "यापुढे ह्या खात्यात तुमच्या सहीवर दुसऱ्या कुणाची सही लागणार नाही. तसा आदेशच काढतो."

मी कागद त्यांच्या हातून परत घेतला, माझ्या सहीच्या खाली एक रेघ ओढली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"लागेल साहेब," मी म्हटलं. "काका चुकले, तुम्ही चुकलात, थोरले चुकले, मी तर सात महिने चुकले. आधी जाऊन स्वतः बघून या, आणि मगच सही करा."

साहेबांनी पेन माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं. मग त्यांनी खुंटीवरचा कोट काढला, कॅलिपर खिशात टाकला आणि भिंत बघायला निघाले.